जसेच्या तसे : घरचा संगणक संगीत ऐकवायला कसा शिकला

१/२७
सीडीवरचे संगीत म्हणजे अखेर अंकांची मालिका. तीच मालिका संगणकात उतरवून वाजवली, तर कानावर पडणारा नादही तोच असला पाहिजे. वरकरणी यात शंकेला जागा दिसत नाही. प्रत्यक्षात १९९० च्या दशकातील घरगुती संगणकाला हे साधे काम जमत नव्हते. सीडीवरून अंक उतरवताना चुका होत, साठवताना बरीचशी माहिती टाकून दिली जाई आणि वाजवताना उरलेले अंकही वाटेत बदलले जात. हे तीन दोष कसे दूर झाले, ते दूर झाल्यावर वाद कशावरून पेटला आणि शेवटी प्रश्न मालकीपाशी कसा येऊन ठेपला, याचा हा इतिहास.

२/२७
सुरुवात सीडीपासून. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचे मानक ठरवले. 'रेड बुक' या नावाने ते ओळखले जाते. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला. या मानकानुसार ध्वनिलहरीची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप, म्हणजे नमुना, १६ बिटांत लिहिला जातो. डावा आणि उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. मिनिटाला सुमारे साडेदहा मेगाबाइट. पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ या आकड्यात आहे.

३/२७
४४,१०० च का? निरोगी तरुण कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. हॅरी नायक्विस्ट यांचा १९२८ चा आणि क्लॉड शॅनन यांचा १९४९ चा प्रबंध सांगतो, की ज्या कमाल कंप्रतेपर्यंतचा ध्वनी टिपायचा आहे, तिच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घेतले तर मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. म्हणजे ४०,००० च्या थोडे वर जाणे भाग होते. नेमका आकडा मात्र व्हिडिओ टेपमुळे पडला. त्या काळी अंकीय ध्वनी व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवला जाई. एका रेषेत ३ नमुने, वापरात येणाऱ्या २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा : ३ × २४५ × ६० = ४४,१००.

४/२७
मानक ठरवताना हिशेब घरातल्या प्लेअरचा होता, संगणकाचा नव्हता. प्लेअरने तबकडी सलग वाचत जायचे. ओरखडा आला तर त्रुटी-दुरुस्तीच्या गणिताने हरवलेले अंक परत मिळवायचे. तेही जमले नाही, तर शेजारच्या अंकांवरून अंदाज बांधून पुढे सरकायचे. ऐकणाऱ्याला सहसा याचा पत्ताही लागत नाही. संगणकासाठीच्या सीडी-रॉमवर प्रत्येक तुकड्याला स्वतःचा नेमका पत्ता असतो आणि दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, कारण तिथे एक अंक चुकला तरी अख्खा प्रोग्रॅम बिघडतो. संगीताच्या सीडीला ही दोन्ही कवचे नाहीत.

५/२७
परिणाम असा, की संगणकाच्या ड्राइव्हने संगीताचे वाचन क्षणभर थांबवून पुन्हा सुरू केले, तर ते नेमक्या त्याच अंकापासून सुरू होईल याची खात्री नसे. काही नमुने गळत, काही दोनदा लिहिले जात. कानाला ते टिचकीसारखे किंवा बारीक खरखरीसारखे जाणवे. यावर दोन उपाय प्रसिद्ध झाले. लिनक्सवर ख्रिस माँटगोमेरी यांचे 'सीडीपॅरानोइया' आणि विंडोजवर जर्मनीतील आंद्रे विथॉफ यांचे 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'. दोन्हींमागचे तत्त्व एकच : ड्राइव्हच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. वाचलेले पुन्हा वाचायचे, ताडून पाहायचे, जुळले नाही तर पुन्हा पुन्हा वाचायचे.

६/२७
पुढची पायरी अधिक कल्पक होती. एकाच ड्राइव्हने दहा वेळा वाचले, तरी तो दहाही वेळा तीच चूक करू शकतो. मग साक्ष काढायची कोणाची? इतर श्रोत्यांची. 'अ‍ॅक्युरेटरिप' या सोयीत एका श्रोत्याने उतरवलेल्या ट्रॅकची बेरीज-खूण मध्यवर्ती यादीत जाते आणि त्याच सीडीच्या इतर प्रतींवरून इतरांनी काढलेल्या खुणांशी ताडली जाते. वेगवेगळ्या घरांतील, वेगवेगळ्या ड्राइव्हमधून निघालेल्या खुणा तंतोतंत जुळल्या, तर सर्वांकडून एकच चूक होण्याची शक्यता नगण्य ठरते. एकमेकांना कधीही न भेटलेले श्रोते अशा रीतीने एकमेकांचे जामीनदार झाले.

७/२७
श्रोत्यांच्या श्रमांची दुसरी कथा मात्र कडवट आहे. मूळच्या सीडीवर गाण्यांची नावे लिहिलेलीच नसत. टी कान आणि स्टीव्ह शेर्फ यांच्या 'सीडीडीबी'ने त्यावर तोड काढली. ट्रॅकच्या लांबीवरून सीडी ओळखायची आणि कोणीतरी श्रोत्याने टंकून ठेवलेली नावे दाखवायची. जगभरच्या लोकांनी विनामूल्य नावे भरली. १९९८ मध्ये हा संग्रह एका कंपनीला विकला गेला, पुढे 'ग्रेसनोट' या नावाने त्याचा व्यवसाय झाला आणि वापरावर परवान्याच्या अटी आल्या. आपलेच कष्ट आपल्याला अटींवर मिळू लागल्याचा राग मोठा होता. 'फ्रीडीबी' आणि 'म्युझिकब्रेन्झ' हे खुले संग्रह त्या रागातून जन्मले.

८/२७
आता दुसरा दोष, साठवणीचा. १९९७ च्या सुमारास घरगुती संगणकाची हार्डडिस्क काही मोजक्या गिगाबाइटची असे. एक सीडी सहाशे-सातशे मेगाबाइट घेई. ५६ किलोबिटच्या मोडेमवरून सीडीच्या दर्जाचे एका मिनिटाचे संगीत उतरवायचे, तर आदर्श स्थितीतही पंचवीस मिनिटे लागली असती. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी घडवलेल्या एमपी३ ने हे गणित पालटले. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने तेच मिनिट मूळच्या अकराव्या हिश्श्यात बसू लागले. फाइलच्या नावाचे 'एमपी३' हे शेपूट १४ जुलै १९९५ रोजी निश्चित झाले.

९/२७
हे साधले मानवी कानाच्या एका मर्यादेमुळे. मोठा आवाज त्याच्या जवळच्या कंप्रतेचा लहान आवाज झाकून टाकतो. जे झाकले जाणार आहे, ते साठवायचेच कशाला? एमपी३ तेवढा भाग गाळतो किंवा ढोबळ करून लिहितो. तत्त्व पक्के आहे, पण कात्री कुठे चालवायची याचा निर्णय दरवेळी अचूक येतोच असे नाही. सुझान व्हेगा यांचे वाद्यांच्या साथीविना गायलेले 'टॉम्स डायनर' ब्रँडेनबर्ग यांनी कसोटीसाठी वापरले ते यामुळेच. एकट्या मानवी आवाजातला बिघाड लपत नाही. एकदा गाळलेले परत मिळत नाही, ही या पद्धतीची न टळणारी अट होती.

१०/२७
एप्रिल १९९७ मध्ये अमेरिकेतील जस्टिन फ्रँकेल या तरुणाने 'विनॅम्प' प्रसिद्ध केले. लहानशी काळपट खिडकी, नाचणारे स्वरस्तंभ, हवे तसे बदलता येणारे रूप. महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंतही ती खिडकी लवकरच ओळखीची झाली. संगणकावर गाणी ऐकण्याची सवय विनॅम्पने जगाला लावली. १९९९ मध्ये एओएल कंपनीने फ्रँकेल यांची नलसॉफ्ट ही कंपनी विकत घेतली. सोयीचा प्रश्न सुटला होता. परंतु घरी चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर असलेल्या श्रोत्याला त्यातून समाधान मिळत नव्हते.

११/२७
त्याची एक तक्रार अगदी ठोस होती. एमपी३ संगीत ठरावीक लांबीच्या चौकटींत कापतो. एका चौकटीत ११५२ नमुने. गाणे चौकटींच्या पटीत संपले नाही, तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि सुरुवातीलाही थोडी शांतता जोडली जाते. सुट्या चित्रपटगीताला याने बाधा येत नाही. पण सलग मैफल दोन ट्रॅकमध्ये विभागलेली असेल, विलंबित ख्यालाला जोडून द्रुत येत असेल, तर सांध्यावर तंबोरा क्षणभर तुटतो. 'लेम' या एन्कोडरने भरलेल्या शांततेची नोंद फाइलमध्येच करण्याची प्रथा पाडली. ती नोंद वाचून सांधा बुजवणारे प्लेअर मात्र सुरुवातीला थोडे होते.

१२/२७
दुसऱ्या दोषावरचा पक्का उपाय म्हणजे 'फ्लॅक'. जॉश कोल्सन यांनी २००० मध्ये काम सुरू केले आणि जुलै २००१ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. फ्लॅक काहीही गाळत नाही. आधीच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना किती असेल याचे भाकीत करायचे आणि भाकीत व वास्तव यांतील फरक तेवढा लिहायचा, ही त्याची रीत. भाकीत चांगले असेल तर फरक लहान, आणि लहान आकडे लिहायला जागा कमी लागते. मूळच्या साधारण निम्म्या ते साठ टक्के जागेत संगीत बसते आणि उलगडल्यावर अंकन् अंक पूर्वीचाच मिळतो.

१३/२७
हे लहान आकडे लिहिण्याची पद्धत रॉबर्ट राइस यांची. अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत १९७० च्या दशकात ती अवकाशयानांनी पाठवायच्या चित्रांसाठी घडवली गेली होती. फ्लॅकच्या फाइलमध्ये आणखी एक शहाणपणाची सोय आहे. मूळ संगीताची एमडी५ ही खूण फाइलच्या आरंभीच नोंदलेली असते. वर्षानुवर्षांनी फाइल उलगडून ती खूण पुन्हा काढली आणि जुळली, तर मधल्या काळात एकही बिट बदललेला नाही अशी खात्री देता येते. फ्लॅकचा आराखडा खुला आहे, त्यावर कोणाला शुल्क द्यावे लागत नाही. संग्रह करणाऱ्यांनी तो उचलून धरला यात नवल नाही.

१४/२७
तिसरा दोष सर्वांत छुपा होता. फाइल निर्दोष, प्लेअर निर्दोष, तरी साउंड कार्डापर्यंत पोहोचणारे अंक वेगळे. कारण मधे विंडोज बसलेली. संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम आवाज काढतात. गाणे चालू असते, तोच मेल आल्याची घंटी वाजते. विंडोज ९८ पासून एक्सपीपर्यंत 'केमिक्सर' नावाचा घटक हे सारे आवाज एकत्र करी. एकत्र करण्यासाठी सर्वांचा नमुनादर एक हवा. म्हणून तो गरजेप्रमाणे नमुनादर बदले आणि आवाजाची पातळीही अंकांतच कमीजास्त करी. ऑफिसच्या कामाला ही सोय योग्य होती. एकाग्रपणे संगीत ऐकणाऱ्याला ती नको होती.

१५/२७
त्यात कार्डांची भर पडली. इंटेलने १९९७ मध्ये आणलेल्या एसी'९७ या मानकावर बेतलेले अनेक स्वस्त घटक सेकंदाला ४८,००० नमुने हाच दर जाणत. त्या काळी गाजलेले साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्डही आत सगळे ४८,००० वर आणून टाकी. आता ४४,१०० चे ४८,००० करायचे म्हणजे १४७ नमुन्यांच्या जागी १६० नवे नमुने रचायचे. जवळजवळ प्रत्येक अंक नव्याने मोजावा लागतो. हे गणित नीट केले तर फरक ऐकू येत नाही. घाईने, कमी मेहनतीत केले तर मूळ संगीतात नसलेले स्वर त्यात मिसळतात. त्या काळी घाईच अधिक होती.

१६/२७
सुटकेचा मार्ग ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या जगातून आला. गायकाने गायलेले क्षणाच्याही विलंबाविना त्याच्या कानात परत पोहोचावे, यासाठी स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने 'एएसआयओ' ही पद्धत आणली होती. ती विंडोजच्या मिश्रणघराला वळसा घालून थेट कार्डाशी बोले. हेतू विलंब टाळण्याचा होता, पण वळशाचा दुसरा लाभ श्रोत्यांच्या लक्षात आला : वाटेत कोणी अंकांना हात लावत नाही. 'कर्नल स्ट्रीमिंग' ही दुसरी अशीच वाट. व्यावसायिक कार्ड नसणाऱ्यांसाठी 'एएसआयओ४ऑल' हे विनामूल्य साधन निघाले. आडवाटेने का होईना, अंक शाबूत पोहोचू लागले.

१७/२७
या आडवाटा सामान्य श्रोत्याच्या आवाक्यात आणणारा प्लेअर म्हणजे 'फूबार२०००'. पीटर पॉव्लोव्स्की यांनी आधी नलसॉफ्टसाठी काम केले होते. डिसेंबर २००२ मध्ये त्यांनी हा नवा प्लेअर प्रसिद्ध केला. करडी, अनाकर्षक खिडकी. सजावट शून्य. गाभा लहान आणि बाकी सारे जोडता येण्याजोग्या घटकांत : फ्लॅक, सांधाविरहित वादन, एएसआयओ, कर्नल स्ट्रीमिंग. विनॅम्पने डोळ्यांनाही काही दिले होते. फूबारने तेवढेच केले जे कानासाठी आणि संग्रहासाठी हवे होते. म्हणूनच जाणकार श्रोत्यांच्या संगणकांवर तो ठाण मांडून बसला.

१८/२७
भारतीय श्रोत्याला त्याचा आणखी एक उपयोग झाला. बहुतेक प्लेअर संगीताची मांडणी 'कलाकार, अल्बम, गाणे' अशी धरून चालत. ती पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला शोभणारी. ख्यालाच्या संग्रहाला राग, ताल, घराणे, संगतकार, मैफलीची तारीख असे रकाने हवेत. नाट्यपदाला नाटक, पदकार आणि गायक हे तिन्ही वेगळे लागतात, कारण एकच पद पिढ्यान् पिढ्या अनेकांनी गायलेले असते. फ्लॅकच्या फाइलमध्ये हवे ते रकाने जोडता येतात आणि फूबार त्यांवरून संग्रह लावून दाखवतो. यमनातले सारे एका जागी, मग गायक कोणीही असो. साधी सोय, पण संग्रहाकडे पाहण्याची दृष्टी त्यामुळे श्रोत्याच्या हाती आली.

१९/२७
२००७ च्या आरंभी घरोघरी पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टाने केमिक्सर निवृत्त केला आणि 'वासापी' ही नवी व्यवस्था आणली. तिच्यात एक राखीव रीत आहे. एखादा प्रोग्रॅम ध्वनियंत्राचा ताबा पूर्णपणे स्वतःकडे घेऊ शकतो. तेवढ्या वेळात दुसरा आवाज उमटत नाही आणि अंक जसेच्या तसे पुढे जातात. याला 'बिट-परफेक्ट' म्हणतात. ते पारखणेही शक्य आहे. संगणकातून बाहेर पडणारा अंकीय प्रवाह दुसरीकडे मुद्रित करायचा आणि मूळ फाइलमधून वजा करायचा. उत्तर सर्वत्र शून्य आले, तर काम फत्ते. तिसरा दोषही मिटला, तोही आडवाटेशिवाय.

२०/२७
अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारा 'डॅक' हा घटक तोवर संगणकाच्या पेटीबाहेर पडू लागला होता, कारण पेटीच्या आत विद्युत गोंगाट फार. यूएसबीवर ध्वनी पाठवण्याचे मानक १९९८ चे. सुरुवातीच्या बऱ्याच उपकरणांत डॅक संगणकाच्या तालावर चाले, आणि संगणकाचा ताल किंचित डळमळता असे. गॉर्डन रँकिन यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी 'असिंक्रोनस' रीत घरगुती संगीतात रुजवली. तिच्यात स्थिर घड्याळ डॅकपाशी असते आणि तोच संगणकाला हवे तेवढे अंक मागून घेतो. लयीची सूत्रे वाजवणाऱ्याच्या हाती आली. २००६ मध्ये यूएसबी ध्वनीचे दुसरे मानक आले. विंडोजने त्याला अंगभूत आधार दिला तो थेट २०१७ मध्ये.

२१/२७
इथे तंत्रज्ञानाची कथा संपायला हवी होती. पण बाजाराची सुरू झाली. अमुक प्लेअरचा ध्वनी 'अधिक ऊबदार', तमुकचा 'अधिक मोकळा', असे दावे होऊ लागले आणि त्या जोरावर महागडे प्लेअर विकले जाऊ लागले. दोन प्लेअर एकाच डॅककडे तेच अंक पाठवत असतील, तर फरक येणार कुठून? लक्षणीय गोष्ट अशी, की फूबारच्या कर्त्याने स्वतःच्या संकेतस्थळावरील प्रश्नोत्तरांत आपल्या प्लेअरचा ध्वनी इतरांहून सरस असल्याचे नाकारले आणि असे बहुतेक अनुभव मनाच्या अपेक्षेतून येतात, असे बजावले. विकण्याजोगे विधान सहज करता आले असते. त्याने ते केले नाही.

२२/२७
अशा दाव्यांची पारख करणारी कसोटी म्हणजे 'एबीएक्स'. अ आणि ब हे दोन नमुने ओळखीचे. तिसरा क्ष हा त्यांपैकीच एक, पण कोणता ते ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. तो ओळखायचा, आणि एकदा नव्हे, अनेकदा. १६ वेळांत १२ बरोबर आले, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. फूबारमध्ये ही कसोटी घरच्या घरी घेण्याचा घटक होता. २००१ मध्ये सुरू झालेल्या हायड्रोजनऑडिओ या संवादमंचाने तर नियमच केला : ध्वनीत फरक जाणवल्याचा दावा अशा आंधळ्या चाचणीविना करायचा नाही. श्रोत्याच्या कानाचा हा अपमान नव्हता. डोळ्यांना बाजूला ठेवून केवळ कानाला साक्षीला बोलावणे होते.

२३/२७
या चाचण्यांतून एक जुने सत्य पुन्हा हाती लागले. दोन समान ध्वनींपैकी जो किंचित मोठा, तो सरस वाटतो. फरक इतका सूक्ष्म असतो, की तो 'मोठा' म्हणून न जाणवता 'चांगला' म्हणून जाणवतो. २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलेल्या 'रिप्लेगेन'ने यावर उपाय दिला. गाणे किती मोठे ऐकू येते हे मोजून त्याची नोंद फाइलमध्ये ठेवायची आणि वाजवताना सर्व गाणी एका पातळीवर आणायची. त्या काळी ध्वनिमुद्रणे अधिकाधिक मोठी करण्याची चढाओढ लागली होती. रिप्लेगेन लावले, की नुसत्या मोठेपणाचा लाभ उरत नसे.

२४/२७
मग सीडीहून वरचा दर्जा? २४ बिट, ९६ वा १९२ किलोहर्ट्झ? २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाच्या वादनाच्या मार्गात सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून ५५४ चाचण्या घेतल्या. उत्तरे बरोबर आली २७६, म्हणजे नाणेफेकीइतकीच. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. प्रमाण निघाले ५२.३ टक्के. योगायोगाहून निश्चित अधिक, पण थोडेसेच. प्रशिक्षित श्रोत्यांत ते वाढले. मूळ मुद्रणाची मर्यादा तर कोणताच आकडा ओलांडत नाही. केसरबाई केरकरांची ७८ फेऱ्यांची तबकडी १९२ किलोहर्ट्झमध्ये उतरवली, म्हणून तीत नसलेला स्वर अवतरत नाही.

२५/२७
ध्वनीचा वाद चालू असताना मालकीचा प्रश्न मुकाट्याने पुढे आला. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या तंत्रज्ञाने उघड केले, की सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्या की नक्कल रोखणारा एक छुपा प्रोग्रॅम आत शिरतो आणि स्वतःला दडवून ठेवतो. गदारोळ होऊन सीडी परत घ्याव्या लागल्या. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकचे परवाना-सर्व्हर बंद करण्याचे जाहीर केले. पैसे मोजून घेतलेली गाणी नव्या संगणकावर मुकी होणार होती. निषेधानंतर मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवली गेली. फाइल आपल्या डिस्कवर असणे आणि ती आपली असणे, यांतील अंतर तेव्हा अनेकांना कळले.

२६/२७
उलट उदाहरणही आहे. स्लिम डिव्हाइसेस या कंपनीने २००१ पासून घरच्या संगणकातील संगीत जाळ्यावरून बैठकीच्या खोलीत पोहोचवणारी छोटी यंत्रे बनवली. पुढे ती 'स्क्वीझबॉक्स' नावाने गाजली. २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी घेतली, २०१२ मध्ये यंत्रे बंद केली. सर्व्हरचा प्रोग्रॅम मात्र खुला होता. वापरणाऱ्यांनी तो सांभाळला. 'लिरियन' या नावाने तो आजही चालतो आणि जुनी यंत्रे वाजतात. याच सुमारास, २०१२ मध्ये, ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला. पंख्याचा आवाज नसलेला तळहाताएवढा संगणक, त्यावर खुला प्लेअर आणि बाहेर एक डॅक. एकेकाळी हजारोंच्या किमतीत मिळणारे अचूक अंक आता थोडक्यात मिळू लागले.

२७/२७
जून २०२१ मध्ये अ‍ॅपल म्युझिकने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने लॉसलेस संगीत सुरू केले. उच्च दर्जाच्या नावाने आलेली, प्रत्यक्षात काही माहिती गमावणारी 'एमक्यूए' पद्धत मधल्या काळात येऊन ओसरली. तिची कंपनी एप्रिल २०२३ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेली. अंकांची अचूकता आता दुर्मीळ राहिलेली नाही. यापुढे ऐकण्यात फरक पडतो तो मुद्रण, स्पीकर आणि खोली यांमुळे. परंतु प्रवाहातून येणारे संगीत करार संपला की निघून जाऊ शकते. एखाद्या दुर्मीळ मैफलीची स्वतःच्या डिस्कवरची फ्लॅक फाइल, तिच्या दोन प्रती आणि आरंभीची ती एमडी५ खूण, एवढ्यावर मात्र पुढची पिढीही ती मैफल जशीच्या तशी ऐकू शकेल, आणि ती तशीच आहे हे पडताळूनही पाहू शकेल.